डेटाशीटवरचे १५ नॅनोसेकंद आणि गच्चीवरची केबल

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक लॅब पुण्यात, एक चेन्नईत, दोन्हीकडे रुबिडियमचं अणुघड्याळ, दोन्हीकडे गच्चीवर जीपीएसची अँटेना, रिसीव्हरच्या डेटाशीटवर अचूकता १५ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) छापलंय, तर मग दोन घड्याळांतला फरक १५ नॅनोसेकंदांपर्यंत कळला असं धरून चालायचं का? आणि नसेल तर दिल्ली, पॅरिस, वॉशिंग्टनवाले एकमेकांची घड्याळं नॅनोसेकंदापर्यंत कशी ताडून बघतात, त्यांच्याकडे असं काय वेगळं आहे?

धरून चालू नका. आणि वेगळं म्हणाल तर त्यांच्याकडे आकाश तेच, सॅटेलाइट तेच, रिसीव्हर थोडा महागातला, पण खरा फरक गच्चीपासून काउंटरपर्यंतच्या, म्हणजे वेळेचा फरक मोजणाऱ्या यंत्रापर्यंतच्या, चाळीस-पन्नास मीटरमध्ये आहे. मी या कामात वीसेक वर्षं घालवली, त्यातली निम्मी गच्चीवर, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक गोंधळ मिटवू. जीपीएसकडून वेळ घेणं हे एक काम, आणि जीपीएसच्या मदतीने दोन घड्याळं ताडणं हे दुसरं काम, लोक दोन्हीला एकच समजतात. आमचे एक सीनियर होते, लालबागचे, ते नव्या पोरांना हे गिरणीच्या भोंग्यावरून सांगायचे. समजा तुम्ही लालबागला, मित्र वरळीला, आणि दोघांना आपापल्या घड्याळांत किती फरक आहे ते बघायचंय. कुठल्यातरी एका गिरणीचा भोंगा वाजला की दोघांनी आपापल्या घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवायचं आणि संध्याकाळी भेटून दोन आकडे वजा करायचे. भोंगा वाजवणारा पाच मिनिटं उशिरा आला तरी काही बिघडत नाही, त्याचा उशीर दोघांच्या आकड्यांत सारखाच आलाय, वजाबाकीत गेला. भोंगा स्टँडर्ड टाइमवर आहे की मुंबई टाइमवर (हो, १९५५ पर्यंत मुंबईचा स्वतःचा टाइम होता, स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे) यानेही फरक पडत नाही. पण तुमचं घर गिरणीपासून एक किलोमीटरवर आणि मित्राचं दोनवर असेल तर पडतो, आवाजाला किलोमीटरला तीन सेकंद लागतात, तेवढे हिशोबात धरावे लागतात. आणि दोघांपैकी एकाला जरा कमी ऐकू येत असेल, तो दरवेळी अर्धा सेकंद उशिरा मान वर करत असेल, तर तो अर्धा सेकंद कुठेच वजा होत नाही, थेट उत्तरात जाऊन बसतो. मी पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक या कमी ऐकणाऱ्या माणसाबद्दलच आहे.

भोंग्याच्या जागी सॅटेलाइट ठेवा, झाला कॉमन व्ह्यू. १९८० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या डेव्हिड ॲलन आणि मार्क वाइस यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा जीपीएसचे सॅटेलाइट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पुणं म्हणतं माझं घड्याळ उणे सॅटेलाइटचं घड्याळ इतकं, चेन्नई म्हणतं माझं उणे तेच सॅटेलाइट तितकं, वजा केलं की सॅटेलाइट गायब. यातली गंमत बघा, २००० सालापर्यंत अमेरिकेचं सैन्य सिव्हिलियन लोकांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवायचं, सॅटेलाइटचं घड्याळ शंभर नॅनोसेकंदांच्या घरात मुद्दाम मागेपुढे हलवायचे, २ मे २००० ला ते बंद झालं. ज्यांना फक्त वेळ घ्यायची होती ते तेव्हा त्याने हैराण होते, आणि कॉमन व्ह्यू करणारे मात्र त्याही काळात काही नॅनोसेकंदांपर्यंत घड्याळं ताडत होते, कारण दोघांनी तोच सॅटेलाइट त्याच क्षणी बघितला की बिघाडसुद्धा दोन्हीकडे सारखाच. अट एवढीच की त्याच क्षणी. म्हणून सगळ्या जगासाठी टाइमटेबल ठरवलं गेलं, एक मोजणी १३ मिनिटांची (जीपीएसचा पूर्ण मेसेज उतरायला साडेबारा मिनिटं लागतात त्यावरून), अशा दिवसाला ८९ मोजण्या, आणि सॅटेलाइट रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतात म्हणून टाइमटेबलही रोज चार मिनिटं आधी सरकतं. निकाल लिहायच्या फाइलचा साचाही ठरलेला आहे, सीजीजीटीटीएस म्हणतात, तुमचा रिसीव्हर ती फाइल देत असेल तर निम्मं काम झालंय.

आता अंतर. सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वर, सिग्नलला यायला डोक्यावर असेल तर ६७ मिलिसेकंद, क्षितिजावर असेल तर ८६. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी. सॅटेलाइटची जागा मीटर-दोन मीटर चुकीची धरली तरी पुणे-चेन्नईसारख्या हजार किलोमीटरच्या आतल्या अंतराला त्यातलं बहुतेक सगळं वजा होतं, कारण दोघंही त्याच्याकडे जवळजवळ त्याच दिशेने बघताय, चूक वीसेक पटीने कमी होते. दिल्ली आणि वॉशिंग्टन असेल तर ही सवलत नाही, तिथे दोघांना एकाच वेळी दिसणारे सॅटेलाइट थोडे, तेही खाली क्षितिजाला टेकलेले.

आइन्स्टाइनचं सगळे विचारतातच म्हणून एका दमात उरकतो: वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून सॅटेलाइटचं घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं, वेगामुळे ७ मागे पडतं, बेरीज ३८ पुढे, म्हणून ते जमिनीवरच थोडं मंद लावून पाठवतात, आणि बाकीचं कक्षेच्या लंबगोलपणाचं आणि पृथ्वीच्या फिरण्याचं करेक्शन रिसीव्हर किंवा सॉफ्टवेअर करतं. तुम्हाला तिथे काही करायचं नाही.

तुम्हाला जिथे करायचंय ते म्हणजे आयनोस्फिअर, कारण आपण भारतात बसलोय. युरोपातल्या लोकांनी लिहिलेली मॅन्युअलं वाचून इथे लावलं की फसायला होतं. जमिनीपासून काहीशे किलोमीटर वर इलेक्ट्रॉनचा थर असतो, तो सिग्नलला उशीर करतो, आणि चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं त्यामुळे दुपारी तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जाऊन उत्तरेला आणि दक्षिणेला ओतल्यासारखे पडतात, उत्तरेकडची रास साधारण अहमदाबाद-भोपाळ-कोलकाता या पट्ट्यात. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत मार्च-एप्रिलच्या दुपारी हा उशीर सरळ डोक्यावरच्या सिग्नललासुद्धा ५० नॅनोसेकंदांच्या वर जातो, तिरक्या सिग्नलला त्याच्या दुप्पट-अडीचपट. एका फ्रिक्वेन्सीच्या स्वस्त रिसीव्हरमध्ये यासाठी जे मॉडेल आहे, जे सॅटेलाइटच्याच मेसेजमधून येतं, ते साधारण निम्मा उशीर काढतं. निम्मा! आणि पुण्यावरचा थर आणि चेन्नईवरचा थर सारखा नाही, त्यामुळे वजाबाकीत तो पूर्ण जाणार नाही. शिवाय सूर्यास्तानंतर त्या थरात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकायला लागतो, कधी लॉकच, म्हणजे रिसीव्हरची सिग्नलवरची पकडच, सुटते. म्हणून डेटा बघताना दुपारचा फुगवटा आणि रात्री आठ ते बारामधला गोंधळ दिसला तर घड्याळावर संशय घेऊ नका, ते आकाश आहे. उपाय एकच, दोन फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ, दोन्हींना होणारा उशीर वेगवेगळा असतो आणि त्यावरून खरा उशीर काढता येतो, याची किंमत म्हणून मोजणीतला गोंगाट तिप्पट होतो, पण तो ॲव्हरेज केला की खाली येतो, आयनोस्फिअरची चूक ॲव्हरेज करून जात नाही. खालच्या हवेचा उशीर डोक्यावर ८ नॅनोसेकंद आणि क्षितिजापासून २० अंशांवर त्याच्या तिप्पट, पण त्याचं मॉडेल चांगलं आहे. १५-२० अंशांखालचे सॅटेलाइट वगळा आणि विसरून जा.

यापेक्षा जास्त लोक फसतात ते अँटेनाच्या उंचीत. टायमिंगच्या रिसीव्हरला आधी स्वतःची जागा पक्की माहीत असावी लागते, मग तो फक्त वेळ काढतो. आडवी चूक निरनिराळ्या दिशांच्या सॅटेलाइटमुळे बरीचशी एकमेकांना खाऊन टाकते, उंचीची चूक मात्र नाही, कारण सगळे सॅटेलाइट वरच असतात, खाली कोणी नाही. उंची एक मीटर चुकली की दोन-तीन नॅनोसेकंद घड्याळात गेलेच. रिसीव्हरने स्वतःहून तासभरात काढलेली जागा उंचीत सहज काही मीटर चुकलेली असते, त्याला निदान दिवसभर द्या, आणि शक्य असेल तर दोन फ्रिक्वेन्सीचा चोवीस तासांचा डेटा घेऊन कुठल्याही ऑनलाइन पीपीपी (प्रिसाइज पॉइंट पोझिशनिंग) सेवेतून सेंटिमीटरपर्यंतची जागा काढून हाताने भरा. भरताना उंची एलिप्सॉइडवरची, म्हणजे जीपीएस ज्या गुळगुळीत गणिती पृथ्वीपासून मोजतं तिच्यावरची, भरा, समुद्रसपाटीपासूनची नाही! आपल्याकडे हा फरक प्रचंड आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंद महासागरात समुद्रसपाटीचा शंभर मीटरच्या वर खोल खड्डा आहे आणि आपण सगळे त्या खड्ड्याच्या उतारावर राहतो, पुण्या-मुंबईकडे हा फरक साठ मीटरच्या वर, दक्षिणेकडे त्याहून जास्त. कोणीतरी टोपोशीटवरून किंवा बिल्डिंगच्या नकाशावरून पुण्याची उंची ५६० मीटर वगैरे भरतो, सगळे दिवे हिरवे लागतात, आणि वेळ शंभर-दीडशे नॅनोसेकंद चुकलेली असते. दोन्हीकडे तीच चूक केली तर थोडी वजा होईल असं वाटेल, पण चेन्नईचा खड्डा जास्त खोल आहे, उरलेला वीसेक मीटरचा फरक उत्तरात राहतोच.

आता डेटाशीटवरच्या १५ बद्दल. तो आकडा खोटा नाही, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात अटी असतात: एक सिग्मा (म्हणजे शंभरातल्या साधारण अडुसष्ट वेळाच), मोकळं आकाश, जागा पक्की, अँटेना केबलचा उशीर भरलेला, आणि कित्येकदा सॉटूथ करेक्शन वापरलेलं. सॉटूथ म्हणजे रिसीव्हरचा सेकंदाचा पल्स त्याच्या आतल्या ऑसिलेटरच्या टिकवरच निघू शकतो, मधे नाही, त्यामुळे तो खऱ्या जागेच्या आठ-दहा नॅनोसेकंद आधी किंवा नंतर पडतो, किती ते रिसीव्हर सिरीयल पोर्टवर दर सेकंदाला सांगत असतो आणि ते कोणी वाचतच नाही. वाचा, आणि काउंटरच्या आकड्यातून वजा करा. न वाचता ॲव्हरेज करू म्हणाल तर बहुतेक वेळा चालतं, पण कधीकधी ऑसिलेटर नेमका अशा फ्रिक्वेन्सीवर येऊन बसतो की ती चूक मिनिटभर एकाच बाजूला लटकत राहते आणि ॲव्हरेज फसतं.

आणि मुख्य म्हणजे तुमचं रुबिडियम जीपीएसने डिसिप्लिन केलेलं, म्हणजे सतत जीपीएसकडे ओढून लावलेलं, आहे का ते बघा. असेल, आणि तुम्ही त्याच रिसीव्हरने त्याच रुबिडियमची तुलना करत असाल, तर फरक कायम शून्याच्या आसपास येणार, कारण रुबिडियमला तो शून्य करायलाच सांगितलंय. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा, स्वतःच तपासायचा, मग पैकीच्या पैकी मार्क. मोकळं सोडलेलं रुबिडियम दिवसाला सहज दहा ते शंभर नॅनोसेकंद भटकतं, कॉमन व्ह्यूमध्ये ते भटकणं दिसलं तर समजा की मोजमाप सुरू झालं. सपाट रेष दिसली तर मी आधी घाबरतो.

आता कमी ऐकणारा माणूस, म्हणजे अँटेना ते काउंटर. अँटेनाचा स्वतःचा उशीर पन्नासेक नॅनोसेकंद असू शकतो, केबलचा मीटरला जवळजवळ ५ (केबलमध्ये सिग्नल हवेतल्यापेक्षा दोन-तृतीयांश वेगाने जातो), रिसीव्हरच्या आतला आणखी काही, मग तुमच्या घड्याळापासून रिसीव्हरपर्यंतची केबल, डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर (एक पल्स अनेक ठिकाणी वाटणारा), काउंटर. यातलं काहीही दुसऱ्या लॅबशी वजा होत नाही. माझ्या एका क्लायंटकडे दोन साइट होत्या, महिनोन्महिने फरक सरळ रेषेत, आणि एका सोमवारी शंभर नॅनोसेकंदांची उडी. सौर वादळ तपासून झालं, सॅटेलाइटचे बुलेटिन तपासून झाले, घड्याळ उघडायची तयारी झाली, दोन आठवडे गेले. शेवटी मी गच्चीवर गेलो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं, कामगारांनी केबल मधेच तोडली होती, आणि इलेक्ट्रिशियनने चांगुलपणाने जोडून दिली होती, वर पुढे लागली तर असू दे म्हणून वीस मीटर जादा केबल वेटोळं करून पाइपला बांधलेली. वीस मीटर गुणिले पाच. सिग्नल व्यवस्थित, लॉक व्यवस्थित, एकही अलार्म नाही, कारण रिसीव्हरच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०११ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं की जिनिव्हाच्या सर्नमधून ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सासो डोंगराखाली येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. जगभर बोंब झाली, आइन्स्टाइन चुकला म्हणून पेपरात मथळे आले. आमच्या धंद्यातल्या लोकांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल तर जीपीएसची लिंक, आणि ती लिंक उत्तम होती: दोन्हीकडे एकाच मॉडेलचे रिसीव्हर, दोन्हीकडे सीझियम घड्याळं, तोच कॉमन व्ह्यू, स्वित्झर्लंडच्या आणि जर्मनीच्या राष्ट्रीय मेट्रॉलॉजी संस्थांनी कॅलिब्रेट केलेला, एक-दोन नॅनोसेकंदांपर्यंत खात्रीचा. चूक त्याच्या पुढे होती. डिटेक्टर डोंगराखाली, तिथे जीपीएस दिसत नाही, म्हणून बाहेरून आत ८ किलोमीटरच्या ऑप्टिकल फायबरने वेळ नेली होती, आणि त्या फायबरचा कनेक्टर मास्टर क्लॉकमध्ये नीट बसलेला नव्हता. प्रकाश कमी पोचत होता, त्यामुळे आतल्या फोटोडायोडचं व्होल्टेज हळू चढत होतं, ट्रिगर उशिरा लागत होता, ७० नॅनोसेकंदांच्या वर. वेळ उशिरा पोचली म्हणजे मास्टर क्लॉक मागे पडलं, आणि मागे पडलेल्या घड्याळावर आलेला न्यूट्रिनो लवकर आल्यासारखा दिसला. उलट्या दिशेची एक छोटी चूकही सापडली, मास्टर क्लॉकचा ऑसिलेटर किंचित चुकत होता, आणि दोन्ही दुरुस्त केल्यावर न्यूट्रिनो निमूटपणे प्रकाशाच्या वेगात आले. २०,००० किलोमीटरवरचा सॅटेलाइट बरोबर, आल्प्सच्या पलीकडचं घड्याळ बरोबर, आणि आटा अर्धवट फिरवलेला एक कनेक्टर.

त्यातला हळू चढणाऱ्या व्होल्टेजचा भाग तुमच्या टेबलावरही आहे. काउंटरच्या इनपुटला ५० ओम टर्मिनेशन, म्हणजे पल्स शोषून घेणारा रोध, लावलंय ना? नसेल तर पल्स परत उलटतो आणि पायरी पायरीने चढतो, ट्रिगर कुठल्या पायरीवर लागला त्यावरून काही नॅनोसेकंद इकडेतिकडे. ट्रिगर लेव्हल दोन्ही लॅबमध्ये तीच ठेवा, आम्ही १ व्होल्ट ठेवायचो, आणि ती कागदावर लिहा. जुना ॲम्प्लिफायर असेल तर त्याचा पल्स एकदा स्कोपवर बघून घ्या, किती तिरका चढतो ते बघून कधीकधी धक्का बसतो.

मोठ्या लॅबकडे वेगळं काय आहे विचारलंत, तर हेच सगळं मोजायची शिस्त. त्यांच्या रिसीव्हरचं कॅलिब्रेशन फिरत्या रिसीव्हरने होतं: एक रिसीव्हर, त्याची स्वतःची अँटेना, स्वतःची केबल, पेटीत घालून लॅब टू लॅब फिरवतात, प्रत्येक ठिकाणी तिथल्या रिसीव्हरशेजारी त्याच घड्याळावर काही दिवस चालवतात, आणि शेवटी पहिल्या लॅबमध्ये परत आणून बघतात की प्रवासात तो स्वतः बदलला तर नाही ना. ते परत आणून बघणं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. इतकं करूनसुद्धा चांगल्या लिंकची खात्री एक ते अडीच नॅनोसेकंद अशीच सांगतात, आणि गोंगाट मात्र त्याच लिंकचा ०.३ नॅनोसेकंद असतो. म्हणजे आकडा स्थिर किती आहे हे त्यांना खरा किती आहे यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत असतं, आणि तो सगळा फरक केबल, अँटेना, रिसीव्हर यांचा.

तो ०.३ येतो पीपीपीतून. कॉमन व्ह्यूची एकाच सॅटेलाइटची अट २००६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्रला असलेल्या बीआयपीएमने (वजनमापांची आंतरराष्ट्रीय संस्था) सोडली, कारण तोपर्यंत आयजीएस नावाच्या आंतरराष्ट्रीय सेवेकडून सॅटेलाइटच्या कक्षा आणि घड्याळं इतकी चांगली मिळायला लागली होती की प्रत्येक लॅबने दिसतील ते सगळे सॅटेलाइट घ्यावे आणि आयजीएसच्या वेळेशी तुलना करावी, हेच दूरच्या लिंकला बरं पडायला लागलं. मग २००९ पासून पीपीपी, त्यात सिग्नलवर लिहिलेल्या कोडसोबत तो वाहून आणणाऱ्या कॅरियर वेव्हची फेजसुद्धा मोजतात, ती लाट १९ सेंटिमीटरची आणि तिची जागा मिलिमीटरमध्ये कळते, फक्त किती लाटा मधे गेल्या ते थेट कळत नाही, ते कोडवरून आणि गणितातून काढावं लागतं. तुम्हाला याची गरज आहे का? रुबिडियमसाठी पीपीपी म्हणजे भाजी तोलायला सोनाराचा काटा. हायड्रोजन मेसर किंवा सीझियम फाउंटनसारखं याहून कितीतरी स्थिर घड्याळ असेल तर बोलू. जागा काढायला मात्र पीपीपी जरूर वापरा, वर सांगितलं तसं.

आणि एक गोष्ट जी पहिल्यांदा ऐकताना मला फार विचित्र वाटली होती: यूटीसी, म्हणजे जगाची अधिकृत वेळ, दाखवणारं घड्याळ जगात कुठेही नाही. ऐंशीच्या वर लॅबमधली साडेचारशेच्या आसपास घड्याळं आपापले आकडे बीआयपीएमकडे पाठवतात, ते वजनं लावून सरासरी काढतात, आणि पुढच्या महिन्यात सर्क्युलर टी नावाचं पत्रक निघतं, त्यात दर पाच दिवसांसाठी प्रत्येक लॅब किती नॅनोसेकंद चुकली ते असतं. म्हणजे गेल्या महिन्यात किती वाजले होते ते या महिन्यात कळतं. २०१३ पासून एक झटपट आवृत्ती दर आठवड्याला निघते, त्यामुळे लॅबना स्वतःला सावरता येतं. आपल्या देशाचं घड्याळ दिल्लीच्या एनपीएलमध्ये (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) आहे, यूटीसी-एनपीएलआय, आपली स्टँडर्ड वेळ म्हणजे त्यात साडेपाच तास मिळवायचे, आणि तेही याच पत्रकात रांगेत उभं असतं. तुम्हाला तुमची वेळ कायदेशीरदृष्ट्या ट्रेसेबल, म्हणजे एनपीएलपर्यंत पुराव्याने साखळी जोडलेली, हवी असेल तर जीपीएसची लिंक एनपीएलशी जोडा, नुसतं जीपीएस लॉक दाखवून ऑडिटर खूश होत असेल पण ती साखळी पूर्ण होत नाही.

नुसत्या लॉकवर विसंबू नका याचं दुसरं कारण २६ जानेवारी २०१६. त्या दिवशी एक जुना सॅटेलाइट सेवेतून काढताना जीपीएसच्या मेसेजमध्ये यूटीसीचा फरक सांगणारे आकडे चुकीचे गेले, बऱ्याच सॅटेलाइटवरून कित्येक तास, आणि यूटीसी दाखवणारे रिसीव्हर १३.७ मायक्रोसेकंद चुकले. नॅनो नाही, मायक्रो. कित्येक देशांत टेलिकॉमवाल्यांकडे अलार्म वाजले. जीपीएसची स्वतःची आतली वेळ, जी २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, तिला काही झालं नव्हतं, आणि कॉमन व्ह्यूवाल्यांच्या वजाबाकीला तर कळलंसुद्धा नाही. तुमच्या रिसीव्हरमध्ये पल्स यूटीसीवर लावायचा की जीपीएस टाइमवर असा पर्याय असतो, तुलनेसाठी जीपीएस टाइमवर लावा, दोन्हीकडे तेच, एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असं नको.

नाविक, म्हणजे आपली भारतीय, जीपीएससारखी सॅटेलाइट यंत्रणा, वापरावी का असंही मनात असेल. त्याचे सॅटेलाइट भूस्थिर किंवा भूसमकालिक, म्हणजे पुण्याला आणि चेन्नईला चोवीस तास तेच सॅटेलाइट एकत्र दिसतात, कॉमन व्ह्यूसाठी याहून सोयीचं काय. पण जो सॅटेलाइट आकाशात हलत नाही त्याचा गच्चीवरच्या पत्र्यावरून किंवा टाकीवरून उलटलेला सिग्नलही हलत नाही, ती चूक सरासरीत जात नाही, कायमची बसून राहते. फिरत्या सॅटेलाइटचं परावर्तन निदान बदलत राहतं आणि दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी तसंच्या तसं दिसतं, त्यावरून ओळखता तरी येतं. पहिल्या सॅटेलाइटची परदेशी रुबिडियम घड्याळं बंद पडली होती ते आठवत असेल, २०२३ च्या एनव्हीएस-०१ या नाविक सॅटेलाइटमध्ये अहमदाबादला बनवलेलं घड्याळ गेलं, ते मला व्यक्तिशः फार आवडलं. सध्या मी दोन्ही लॉग करायला सांगेन, आणि एकमेकांवर नजर ठेवायला वापरा.

तर तुमच्या दोन लॅबसाठी मी काय करेन? चेन्नईचा रिसीव्हर, अँटेना आणि तीच केबल, काहीही न बदलता, पुण्याला आणेन. दोन्ही अँटेना एकाच गच्चीवर, टाकीपासून आणि पत्र्यापासून लांब, दोन्ही रिसीव्हर एकाच रुबिडियमवर, आठवडाभर. घड्याळ एकच आहे म्हणजे फरक शून्य यायला हवा, जो येईल तो तुमच्या दोन कमी ऐकणाऱ्यांमधला फरक, तो लिहून ठेवायचा आणि पुढे कायम वजा करायचा. मग सगळं परत चेन्नईला, डिसिप्लिन बंद, उंची एलिप्सॉइडची, सॉटूथ वजा, सीजीजीटीटीएस फाइल, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा एकत्र आणून तपासायचं. दोन फ्रिक्वेन्सीचे रिसीव्हर असतील तर या पद्धतीने तीन-चार नॅनोसेकंदांपर्यंत खात्रीने बोलता येईल, एका फ्रिक्वेन्सीचे असतील तर दुपारचे आकडे बाजूला ठेवून, रात्री दोन ते सकाळी सहाचेच बघून, दहाच्या आसपास.

आणि केबल जास्त लांब वाटली तरी कापू नका, वेटोळं करून टेपने बांधा, त्यावर हात लावू नये असं पुण्याला मराठीत आणि हिंदीत, चेन्नईला तमिळमध्ये लिहून ठेवा.